नकाशातला गोठा

मु. आंबेखार, पो. कोन, ता. पनवेल
६ फेब्रुवारी २०२५

ती. सुमतीवहिनी,

दाजीचा नमस्कार. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं गाड्यांच्या भोंग्यांत उभा राहून माझे कान गेले, ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्ही एक बोलता, मी भलतंच उत्तर देतो आणि मालू मध्ये पडून तिसरंच काही सांगते. आजचा विषय तसा होऊ देण्यासारखा नाही.

आपल्या भागाचा प्रारूप विकास आराखडा सोमवारी जाहीर झाला. ग्रामपंचायतीत भिंतभर नकाशा लावलाय. पिवळा रंग म्हणजे राहती घरं, हिरवा म्हणजे शेती. कोनकडून येणारा सत्तावीस मीटरचा रस्ता गावठाणाच्या बाहेरून, आपल्या शेतांतून जातो. मी त्या रेघेवर बोट ठेवून दोनदा चालत गेलो. वहिनी, ती तुमच्या घरावरून जाते.

घाबरू नका. आराखडा कच्चा आहे. तीस दिवसांत हरकती द्यायच्या, मग सुनावणी, मग बदल. गावानं हरकत समिती केली आणि प्रमुखपद माझ्या गळ्यात घातलं. नकाशात तुमचं घर 'गोठा' असं दाखवलंय. सरकारी कामात अशा चुका होतात. जीवनदादाच्या वेळचे जे कागद तुमच्याकडे असतील, घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, ते सगळे पाठवून द्या.

अंकिताला, जावईबापूंना आशीर्वाद. नातू आता घरभर पळत असेल.

आपला दीर,
दाजी


नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दाजीभावोजी,

गोठा! पत्र वाचून मी आधी हसले. मग पुन्हा वाचलं आणि पावत्यांची पेटी काढली.

अंकितानं कुणाकडून तरी त्या नकाशाचा फोटो मागवला. मोबाइलवर मी तो मोठा करून पाहिला. रस्ता सरळ येतो, तुमच्या घराजवळ आला की अंग चोरतो आणि माझ्या घरावर चढतो. आपल्या दोन घरांमध्ये चाळीस पावलांचं अंतर. तुमचं पिवळं, माझं हिरवं. गोठ्यात न्हाणीघराला निळ्या टाइल्स कोण लावतं हो? म्हशीनं रंग पसंत केला होता का? यांनी त्या घराची एकेक वीट स्वतः भिजवली. गवंडी कामावर आला की हे त्याच्या आधी हजर. मागच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसला पाहिजे म्हणून भिंत एकदा पाडून परत बांधली.

चौतीस वर्षं शाळेत गेली माझी. पोरांच्या चुका बघून चूक कोणती आणि लबाडी कोणती एवढं मला कळतं. स्पष्टच विचारते, राग मानू नका. तुमचा हितेश जमिनींची दलाली करतो. आपलं सामाईक शेत तुमच्या घराच्या पलीकडे आहे. दोन वर्षांपूर्वी मी गावाहून निघाले तेव्हा तो मला म्हणाला होता, "काकी, त्या शेताचा काय तो विचार करा, तिथं इमारत उभी राहते." शेत जसंच्या तसं राहिलं, शेजारून रस्ता गेला, की त्याचं फावलं. माझं घर मध्ये गेलं तर त्याला काय?

मोजणीवाले आले तेव्हा गावात कोण होतं? गोठा हा शब्द त्यांना कुणी दिला? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं द्या. पावत्या सोबत आहेत. मूळ प्रती माझ्याकडेच ठेवल्या आहेत.

तुमची,
सुमतीवहिनी


आंबेखार
२२ फेब्रुवारी २०२५

ती. सुमतीवहिनी,

पावत्या पोचल्या.

मोजणीवाले आले ते मागच्या वर्षी मे महिन्यात. त्या दिवशी सगळं गाव करंजा गावाला लग्नाच्या हळदीला गेलं होतं. आपल्यात हळद म्हटली की घरी राहतो कोण? तीन बसगाड्या भरून गेल्या होत्या. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहून घेतलं असणार. हितेशचं म्हणाल, तर आजकालची मुलं काय करतात ते बापाला कुठं सांगतात? मी त्याच्याबद्दल होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

परवा देवळात गावकीची बैठक झाली. भावेश उभा राहिला आणि म्हणाला, "रस्ता आला तं आमच्या जागंला भाव हाय. तुमी हरकती कशाला घेता?" नकाशात भामाच्या घराच्या जागी खेळाचं मैदान दाखवलंय. ती बायकांतून उठली आणि ओरडली, "तुज्या जागंला भाव नि माज्या चुलीवं पोरांनी किरकेट खेलाचा काय?" माझ्या कानांनाही ते ऐकू आलं, यावरून काय ते समजा.

शेवटी ठरलं की गावची मिळून एकच हरकत द्यायची. वेगळी कुणी द्यायची नाही. दिली तर गावकी त्याच्या लग्नकार्याला उभी राहणार नाही. म्हणून तुमची हरकत मी अजून दिलेली नाही. मुदत पाच मार्चला संपते, तोवर बघू.

एक बोलू? तुम्ही लेकीकडे सुखात आहात. घर बंदच असतं. उद्या काही झालंच तर मोबदला मिळेल. जिवाला फार लावून घेऊ नका.

दाजी


नागपूर
१७ मार्च २०२५

प्रिय दाजीभावोजी,

पंधरा-वीस दिवस मुद्दाम लिहिलं नाही. रागात लिहिलं असतं तर पुढे आपलं येणंजाणं राहिलं नसतं.

माझी हरकत तुम्ही दिली नाहीत. मी तुमच्या भरवशावर बसले नाही. एक मार्चला रजिस्टर पोस्टानं ती थेट कार्यालयात पाठवली, पोचही आली. गावकीला सांगा, माझ्याकडे आता लग्नकार्य उरलेलं नाही. मी मेले की काय ते उभे राहा किंवा बसा.

मग मी हितेशला फोन केला. नाही नाही ते बोलले. ज्याला मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवून घेतली, त्याला घरभेदी म्हणाले. शेवटी तो एवढंच म्हणाला, "काकी, तुमी पप्पांना विचारा," आणि फोन ठेवला. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही लिहिता, लेकीकडे सुखात आहात. ते मीच सगळ्यांना सांगत आले, तुमचा दोष नाही. आता खरं सांगते. अंकिता आणि जावई जूनमध्ये मस्कतला चाललेत. त्यांना तिथं नोकरी लागली. इथला फ्लॅट भाड्याचा, तो सोडणार. मला कुणी चल म्हणालं नाही. सध्या व्हिसाचं अवघड आहे म्हणतात, ते खरंही असेल. मी विचारलं नाही. 'आई, तुझं गावाला घर आहे ना, म्हणून आम्हाला काळजी नाही,' असं अंकिता म्हणाली आणि मी मान डोलावली. नकाशाचा फोटो तिनंच मागवून दिला, पण रस्ता आपल्या घरावरून जातो हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिचा पाय अडकेल.

भावोजी, मला दुसरं घर नाही. बासष्टाव्या वर्षी मी कुठं जाऊ, हे मला खरंच माहीत नाही. आता मी परत तेच विचारते. गोठा कोण म्हणालं?

सुमती


आंबेखार
२३ मार्च २०२५

ती. वहिनी,

मी म्हणालो.

हे दोन शब्द लिहायला मला दीड महिना लागला. आता सगळं सांगतो.

त्या दिवशी गाव हळदीला गेलं तेव्हा मी मागे राहिलो. त्या डीजेनं उरलेसुरले कान जातात. मालूचे गुडघे सुजले होते म्हणून तीही घरीच होती. दुपारी दोघं आली, एक मुलगी आणि एक मुलगा, हातात टॅब आणि गळ्यात ओळखपत्र. ओट्यावर बसले. मालूनं चहा दिला. मुलीनं तुमच्या घराकडे बोट दाखवलं. "काका, ते घर कुणाचं?"

त्याच आठवड्यात पलीकडच्या गावात आपल्यासारखीच शेतात बांधलेली घरं बेकायदा ठरवून नोटिसा चिकटवल्या होत्या. गावठाणात पाय ठेवायला जागा नाही, माणसं वाढली, म्हणून आपल्याच शेतात घरं बांधली. परवानगी कुणाकडे होती? मला वाटलं, हे पाडायच्या घरांची यादी करायला आलेत. मी म्हणालो, "घर नाय ते, गोठा हाय. पेंढा भरलाय." मुलीनं टॅबवर बोट टेकवलं. मग मी उत्साहानं त्यांच्यासोबत फिरलो आणि शेतातली अकरा घरं गोठे करून टाकली. ज्यांना कुलूप होतं त्या सगळ्यांत पेंढा भरला. माझ्या घरात टीव्ही चालू होता, ते माझ्याच कपात चहा पीत होते, त्याला गोठा कसं म्हणणार? म्हणून शेतातल्या घरांत ते एकटं पिवळं.

सायंकाळी गाव परतलं तेव्हा माझा केवढा मान झाला! "दाजीनी गाव राखला," म्हणून म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. नकाशा लागल्यावर कळलं, ते पाडायला आले नव्हते. माणसं कुठं राहतात तेवढं लिहायला आले होते. जिथं कुणी राहत नाही तिथून त्यांनी रस्ता काढला, मैदान टाकलं, दवाखाना टाकला. त्यांचं काय चुकलं?

वेगळी हरकत देऊ नये असं बैठकीत मीच सुचवलं होतं. एकानं खरं सांगितलं की बाकीच्या दहा घरांचं बिंग फुटतं आणि माझंही. हितेशला सगळं ठाऊक होतं. त्यानं बापासाठी तुमच्या शिव्या खाल्ल्या आणि मी खाऊ दिल्या. दादाच्या फोटोकडे बघवत नाही मला. मला वाटायचं, तुम्ही आता परत येत नाही, घर काय, रिकामंच आहे. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

अपराधी,
दाजी


नागपूर
२९ मार्च २०२५

दाजी,

भावोजी लिहायला आज हात वळत नाही.

हितेशला मी फोन करून माफी मागितली. तो रडला. ते तुमच्या वाट्याचं काम होतं.

सुनावणी नऊ एप्रिलला आहे, मला पत्र आलंय. अंकिताचा मुलगा तापानं फणफणलाय, मला निघता येत नाही. तुम्ही जा. माझ्या वतीनं बोलायचं अधिकारपत्र सोबत जोडलंय. समितीसमोर उभं राहून मला जे लिहिलंत ते तिथं सांगा. गाव काय म्हणेल ते गावाला म्हणू दे. मला तुमचा पश्चात्ताप नको, माझं घर पाहिजे.

सुमती


आंबेखार
१० एप्रिल २०२५

ती. वहिनी,

काल सांगितलं.

पनवेलच्या त्या सभागृहात पंखे गरगरत होते, त्यात मला अर्धं ऐकू येत होतं. टोकन नंबर त्रेचाळीस. आंबेखारची तीस-चाळीस माणसं मागं बसली होती. साहेब म्हणाले, "सर्वेक्षणात तर गोठा नोंदलाय." मी म्हणालो, "गोठा नाही साहेब. घर आहे. खोटं मी बोललो होतो." ते म्हणाले, "परत सांगा." परत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "एवढं एकच खोटं, की आणखी आहेत?" मागून कुणीतरी खोकलं. मी अकराही घरं सांगितली, घरधन्यांच्या नावांसकट.

बाहेर आलो. ज्या गाडीतून गेलो होतो ती मला न घेता निघून गेली. मी रिक्षानं आलो. आज सकाळी मात्र भामा कागद घेऊन दारात उभी. "दाजी, गोठा बोल्लास तवा विचारलं नायस. आता माज्या घराचा अर्ज लिव." तिच्यामागून आणखी तिघं आले. बाकीचे अजून तोंड फिरवतात.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पावत्या बघून साहेबांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. म्हणाले, "हे घर वाचवायचं तर रस्ता अलीकडे सरकतो. अलीकडे कुणाचं आहे?" मी म्हणालो, "माझं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमची हरकत?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी तसं लिहिलं आणि मी सही केली. घरातल्या कुणाला काही म्हणायचं असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, असंही म्हणाले, पण ते कोण देतंय? वहिनी, किती महिन्यांनी माझा जीव हलका झाला. जे माझ्या जिभेनं गेलं ते माझ्याच घरानं भरून निघालं.

मालूला यातलं काही सांगितलेलं नाही. हाय खाईल. वेळ आली की सांगेन. तुम्हीही बोलू नका.

आपला,
दाजी


नागपूर
१५ एप्रिल २०२५

प्रिय मालू,

पाकिटावर तुझं नाव बघून दचकली असशील. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. अंकिता पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावरून दुपारच्या वेळी मी तुला शिकवलं होतं. तू घरात कुणाला कळू दिलं नाहीस, मीही बोलले नाही. अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच, पण आधी खाली बस.

नऊ तारखेला दाजीभावोजींनी सुनावणीत सांगून टाकलं की रस्ता तुमच्या घरावरून गेला तरी चालेल. सहीसुद्धा केली. माझं घर वाचावं म्हणून केली. तुला सांगू नका असं त्यांनी मला लिहिलंय. मी सांगते आहे. त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

त्यांचं पत्र वाचून मी आधी रडले. वाटलं, केवढं मन मोठं केलं माणसानं. मग दुपारी भाजी निवडता निवडता डोक्यात प्रकाश पडला. माझं घर गोठा म्हणून सांगितलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता तुझं घर देऊन टाकलं तेव्हा तुला विचारलं नाही. माणूस तोच आणि खोडही तीच, फक्त यावेळी त्याला त्याग म्हणायचं. मला असलं घर नको मालू. तुझ्या चुलीवरून रस्ता गेला तर शेजारच्या घरात मला घास गिळेल का?

ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर त्या घराला तुझंही नाव लागलंय, मी खात्री केली आहे. चोवीस तारखेपर्यंत लेखी म्हणणं देता येतं. तू दे. आणि एक लिही. तुमच्या घराच्या पलीकडे आपलं सामाईक शेत आहे, सहा वर्षांत तिथं नांगर फिरलेला नाही. रस्ता तिथून वळवा म्हणावं. शेत गेलं तर जाऊ दे, घरं दोन्ही राहतील. माझी संमती सही करून सोबत ठेवली आहे. हितेशला झोंबेल, त्याच्याशी मी बोलेन. ही वाट भावोजींना सुचली नाही, कारण विचारलं कुणालाच नाही.

ऐकतील की नाही माहीत नाही. मला धास्ती वाटते आहे, तुलाही वाटेल. पण गप्प बसू नकोस.

तुझी,
सुमती


आंबेखार
२३ एप्रिल

जाऊबाय,

तुमचा पत्र मिलला. वाचाला दोन दिस लागले. तीन अक्षरां अडली ती सुनेला, कोमलला विचारली. ती तं बघतच रायली.

यांना विचारला, माजा घर दिला काय? कानाचा मशीनच लावला नाय. मंग मी कागदावं लिवला नि ताटाच्या बाजूला ठेवला. माजा अक्षर बघून घास हातातच रायला. बोल्ले, तुज्या डोक्याला ताप नको म्हनून नाय सांगतला. मी बोल्ली, डोका माजा हाय ना? दोन दिस जेवले नाय. आज जेवले.

काल मी हपिसात गेली. हितेशनी गाडीतून नेला. शेताचा तुमचा लिवलेला त्याला दाखवला. त्याच्या मनात तिथं बिल्डिंग होती. कोनला गाडी थांबवून त्यानी तो दोनदा वाचला. हपिसाच्या दारात बोल्ला, काकीची सही हाय तं मी आडवा येत नाय. तिथल्या बाईनी माज्याफुडं आंगठ्याची डबी सरकवली. मी पेन मागला.

सायेब बोल्ले, शेताकडून वलन मोठा पडतो, जमंल का सांगता येत नाय. पाच मेला सोता येऊन बघतो. म्हनजे अजून काय पक्का नाय. घर जातो का रातो, तुमचा का माजा, कायच कलत नाय.

तुमी तीन तारखेपर्यंत या. सायबांनी तुमचा दार बंद बघितला तं परत पेंढाच लिवतील. मी आज तुमचा घर उघडला, झाडला, पानी भरला, गॅस पेटवून बघितला. चावी इतकी वर्सां यांच्या करगोट्याला असायची. मी मागून घेतली. आता माज्याकडं हाय.

मालू